मॉडेलमध्ये ३२ हर्ट्झ, गाडीत मात्र एकच सूर घुमतोय: सबवूफरच्या बॉक्सचं नेमकं काय चुकतंय ते असं शोधा

ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की लोक पहिलं वाक्य बोलले की पुढचं सगळं मला माहीत असतं. विनआयएसडीत, म्हणजे स्पीकरचा बॉक्स डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्राफ मस्त आला होता, ३२ हर्ट्झला ट्यून केलं, मापं काढली, एमडीएफ कापला, बॉक्स डिक्कीत बसवला आणि आता काही गाण्यांत बेस छातीवर येतो तर काही गाण्यांत सब, म्हणजे बेसचा स्पीकर, चालू आहे का बंद तेच कळत नाही. बेसलाइन वर जाते खाली जाते, पण ऐकू येतं ते सगळं एकाच सुरात, ४० ते ४५ च्या आसपास घुमल्यासारखं. आणि खरं खालचं काही आलं की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, भयंकर हलतो, आवाज मात्र निघत नाही, कधीकधी तर ठक असा आवाज येतो.

मग काय होतं, कोणी सांगतं ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समधला स्पीकर, बदल, कोणी सांगतं अ‍ॅम्प कमी पडतोय, कोणी सांगतं सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नको कानाने कर. आणि बेस बूस्टचं बटण तर सगळेच फिरवतात. यातलं काहीही करायच्या आधी एक गोष्ट करा, बनवलेला बॉक्स प्रत्यक्षात किती हर्ट्झला ट्यून झालाय ते मोजा. सॉफ्टवेअर तुम्ही टाइप केलेल्या बॉक्सचा ग्राफ काढतं, डिक्कीत ठेवलेल्या बॉक्सचा नाही, आणि हे दोन बॉक्स एकच आहेत का हे कोणीच तपासत नाही. माझ्या बघण्यात तरी या तक्रारीत बहुतेक वेळा ३२ म्हणून बनवलेला बॉक्स मोजल्यावर ३७-३८ निघतो, कधी ४० च्या वर पण.

आधी एक मुद्दा डोक्यात पक्का करा कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. पोर्टेड बॉक्सचं, म्हणजे ज्यात हवेसाठी गोल नळी किंवा लांबट फट (स्लॉट) असा पोर्ट असतो त्याचं, ट्यूनिंग ड्रायव्हरवर अवलंबून नसतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर येतो तसाच हा प्रकार आहे, आतली हवा स्प्रिंगसारखी आणि पोर्टमधली हवा वजनासारखी, दोघांचं मिळून एक रेझोनन्स. आतलं व्हॉल्यूम, पोर्टचा एरिया आणि पोर्टची लांबी, बस, तीनच गोष्टी. त्यामुळे ट्यूनिंग वर गेलं असेल तर ड्रायव्हरच्या स्पेक्सना दोष देऊन उपयोग नाही, नवीन ड्रायव्हर लावलात तरी तो बॉक्स तिथेच घुमणार.

मोजायचं कसं

सगळ्यात सोपी पद्धत डोळ्यांनी. कोनवर मधोमध नाही, थोडं कडेला, पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा. मोबाईलवर टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, इक्वलायझर फ्लॅट, बेस बूस्ट शून्य, सबसॉनिक (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) बंद, लो पास (वरच्या अडवणारा) पूर्ण वर. आवाज कमी ठेवा, कोन दोनतीन मिलिमीटर हलेल इतकाच. आता ६० हर्ट्झपासून एक एक हर्ट्झ खाली या. कोन हलत असताना तो टेपचा तुकडा पुसट पट्ट्यासारखा दिसतो, खाली येताना तो पट्टा हळूहळू बारीक होत जातो, एका ठिकाणी जवळपास ठिपका होतो, आणि त्याच्याही खाली गेलात की एकदम परत रुंद होतो. जिथे सगळ्यात बारीक, तिथे ट्यूनिंग. त्याच वेळी पोर्टपुढे हात धरला तर हवा सगळ्यात जोरात तिथेच लागते. साइन टोन जास्त आवाजात जास्त वेळ वाजवू नका, गाण्यात कॉइलला मधेमधे उसंत मिळते, टोनमध्ये मिळत नाही, कॉइल गरम होऊन जळू शकते.

डोळ्यांनी एकदोन हर्ट्झ इकडेतिकडे होऊ शकतं. नीट आकडा हवा असेल तर इंपीडन्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा सबचा रेझिस्टन्स, मोजा, त्यालाही काही महागडं लागत नाही. १०० ओहमचा ५ किंवा १० वॉटचा रेझिस्टर घ्या, अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह आणि सबच्या पॉझिटिव्हच्या मध्ये सिरीजमध्ये लावा. अ‍ॅम्पच्या आउटपुटला, म्हणजे रेझिस्टरच्या आधी, मल्टिमीटरवर १० व्होल्ट एसी येईल इतका आवाज ठेवा. मग मीटर सबच्या टर्मिनलवर लावा आणि २० ते ८० हर्ट्झपर्यंत जात आकडे लिहून काढा. ०.४ व्होल्ट दिसले म्हणजे साधारण ४ ओहम, इतका सरळ हिशोब. पोर्टेड बॉक्सला दोन डोंगर दिसतील, मध्ये एक दरी, आणि ती दरी जिथे सगळ्यात खोल ते तुमचं ट्यूनिंग. दरीच्या आसपास एक एक हर्ट्झने जा, बाकी ठिकाणी तीन-चारने चालेल. मीटर स्वस्तातला असेल आणि कमी फ्रिक्वेन्सीला आकडा थोडा चुकीचा दाखवत असेल तरी बिघडत नाही, आपल्याला दरी कुठे आहे ते हवंय, किती खोल आहे ते नंतर बघू. फक्त १० व्होल्ट मधूनमधून परत तपासा, कुठला तरी फिल्टर चालू राहिला असेल तर व्होल्टेज फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतं आणि दरी खोट्या जागी दिसते. लॅपटॉप असेल तर आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम साउंड कार्डवर एका स्वीपमध्ये करतं.

एकदा बॉक्स बाहेर ठेवून मोजा आणि एकदा डिक्कीत त्याच्या जागेवर. डिक्कीत आकडा एकदम खाली आला तर पोर्टचं तोंड कशाला तरी जवळ चिकटलंय, सीटच्या पाठीला किंवा बाजूच्या पॅनलला. तोंडापुढे निदान पोर्टच्या व्यासाइतकी किंवा स्लॉटच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवीच, जास्त असेल तर उत्तम. आतल्या तोंडालाही हाच नियम.

आकडा वर निघाला तर

मग पहिला संशय व्हॉल्यूमवर. विनआयएसडीत जो लिटरचा आकडा टाकता तो निव्वळ हवेचा असतो, त्यातून ड्रायव्हर, पोर्ट, ब्रेसिंग (आतले आधाराचे तुकडे) काहीही ते स्वतः वजा करत नाही. आणि इथेच घोळ होतो, कारण वजाबाकी किती मोठी आहे याचा अंदाजच नसतो लोकांना.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. बाहेरून ७० बाय ४० बाय ३५ सेंटिमीटरचा बॉक्स. बाहेरचं माप घेतलं तर ९८ लिटर. १८ मिलिमीटरचा एमडीएफ धरला की आतलं माप ६६.४ बाय ३६.४ बाय ३१.४, म्हणजे ७६ लिटरच्या आत. पुढचा बॅफल, म्हणजे ड्रायव्हर बसतो ते पॅनल, डबल केला, जो १२ इंचाच्या जड ड्रायव्हरला करायलाच हवा, तर खोली २९.६ उरते आणि व्हॉल्यूम येतं ७१.५ लिटर. इथपर्यंत बहुतेक लोक नीट येतात, आणि हाच ७१.५ सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. उजव्या बाजूला ५ सेंटिमीटर रुंद आणि पूर्ण उंचीचा स्लॉट पोर्ट घेतला, एरिया १८२ चौरस सेंटिमीटर, तर ३२ हर्ट्झला पोर्टची लांबी येते साधारण ६३.४ सेंटिमीटर. मागच्या भिंतीपाशी वळवून एल आकारात बसतो, छान दिसतो.

पण हा पोर्ट बॉक्सच्या आत आहे! ५ सेंटिमीटर हवा अधिक १.८ चं पार्टिशन, गुणिले उंची, गुणिले आतली लांबी, झाले १५ लिटर. ड्रायव्हरचं मॅग्नेट आणि बास्केट साडेतीन लिटरच्या घरात, ब्रेसिंग एक लिटर. ७१.५ मधून हे सगळं गेलं की उरले ५२ लिटर. त्याच पोर्टवर ५२ लिटर म्हणजे ट्यूनिंग ३७.५ हर्ट्झ. कापणीत काही चूक नाही, गोंद नीट लावलाय, सॉफ्टवेअर बरोबर आहे, आणि तरीही साडेपाच हर्ट्झ वर. ३२ ते ३७.५ ऐकायला किरकोळ वाटतं पण त्या पट्ट्यात पोर्टेड बॉक्स २४ डीबी पर ऑक्टेव्हने (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की २४ डेसिबल) खाली कोसळत असतो, म्हणून खालचा बेस गेल्यासारखा वाटतो आणि ४० च्या जवळचा उगीच पुढे येतो.

यापेक्षा वाईट परिणाम कोनवर होतो. ट्यूनिंगला कोन जवळपास शांत असतो आणि त्याच्या खाली गेलं की बॉक्स त्याला धरून ठेवत नाही, मोकळा सुटतो. तुम्ही ३२ समजून सबसॉनिक २७-२८ ला लावला, आणि बॉक्स आहे ३७.५ चा, म्हणजे ३० ते ३५ चा सगळा माल पूर्ण पॉवरने मोकळ्या सुटलेल्या कोनवर जातोय. तो ठक आवाज तिथून येतो, कॉइल मागच्या प्लेटवर आपटतेय किंवा स्पायडरने, म्हणजे कॉइलला धरणाऱ्या कापडी चकतीने, हद्द गाठलीय. हे ऐकू आलं तर वाजवणं थांबवा आणि दुरुस्ती होईपर्यंत सबसॉनिक वर घ्या, मोजलेल्या ट्यूनिंगच्या दोनतीन हर्ट्झ खाली. ही एकच गोष्ट आज केलीत तरी ड्रायव्हर वाचेल.

पोर्ट लांब करून सुटतं का

सगळे हेच सांगतात, ट्यूनिंग वर गेलं तर पोर्ट वाढव. गोल पाइपचा पोर्ट असेल तर बऱ्यापैकी चालतं, कारण पाइप स्वतः फार जागा खात नाही. स्लॉटमध्ये मात्र जपून, वरच्याच बॉक्सवर हिशोब करून बघा. पोर्ट २० सेंटिमीटर वाढवला तर ट्यूनिंग ३७.५ वरून ३५ वर येतं, बरं वाटतं. अजून २० वाढवला तर मिळतात फक्त दीडएक हर्ट्झ, ३३.६ च्या आसपास. कारण प्रत्येक सेंटिमीटर पोर्ट पाव लिटर हवा खातोय आणि हवा कमी झाली की ट्यूनिंग परत वर ढकललं जातं. असं करत करत त्या बॉक्समध्ये तो पोर्ट कितीही लांब केला तरी ३३ हर्ट्झच्या खाली जातच नाही, आणि तिथे पोचेपर्यंत पोर्ट १३० सेंटिमीटर झालेला असतो आणि हवा उरते ३५ लिटर. त्याच्यापुढे वाढवला तर ट्यूनिंग उलट वर चढायला लागतं. म्हणजे त्या बाहेरच्या मापात, त्या एरियाच्या पोर्टने, ३२ हर्ट्झ शक्यच नव्हतं. हे कागदावर पाच मिनिटांत कळतं, कापल्यावर कळलं तर मात्र अख्खी शीट वाया.

मग करायचं काय, तर एरिया कमी करा. पोर्टच्या आतल्या भिंतीला १० मिलिमीटरचा प्लाय पूर्ण लांबीला चिकटवा, स्लॉट ५ चा ४ सेंटिमीटर झाला. बॉक्समधली हवा एक थेंबही कमी झाली नाही, कारण प्लाय पोर्टच्या जागेत गेला, आणि ट्यूनिंग ३७.५ वरून ३३.८ वर. ४० सेंटिमीटर पोर्ट वाढवून जे मिळत होतं तेवढंच! यासाठी वरचं पॅनल उघडावं लागतं, कारण वळणाच्या पलीकडे हात पोचत नाही. नुसत्या पुढच्या सरळ भागात पट्टी सरकवली तर साधारण अर्धा परिणाम मिळतो, तेही काही वाईट नाही. म्हणूनच मी पहिल्यांदा बनवणाऱ्याला सांगतो की वरचं पॅनल आधी गॅस्केट टेप लावून फक्त स्क्रूवर बसवा, मोजा, पटलं की मगच गोंद.

३२ चा हट्ट पण धरू नका. ३४ ला ट्यून झालेला, मोजलेला, सबसॉनिक ३० ला लावलेला बॉक्स गाडीत फार छान वाजतो, कारण खालचं केबिन गेनमध्ये, म्हणजे बंद गाडीमुळे आपोआप वाढणाऱ्या बेसमध्ये, येतंच आहे.

एरिया कमी करताना हवेच्या वेगावर लक्ष ठेवा. पोर्टमधली हवा सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिली तर चिंता नाही, २५ च्या पुढे गेली की फुसफुस ऐकू येते आणि पोर्ट आपलं काम नीट करेनासा होतो, म्हणजे आवाज वाढवला तरी बेस त्या प्रमाणात वाढत नाही. विनआयएसडीत पॉवर खरी टाकली की हा ग्राफ मिळतो, एक वॉटवर बघून खूश होऊ नका. कार ऑडिओवाले साधारण २८ लिटरला ७५ ते १०० चौरस सेंटिमीटर एरिया धरतात, वरच्या बॉक्समध्ये ४ सेंटिमीटरच्या स्लॉटला तो ७९ येतो, म्हणजे चालतंय. गोल पोर्टवाल्यांनी हे बघा, ५० लिटर आणि ३२ हर्ट्झला १० सेंटिमीटरच्या पाइपची लांबी येते ३९ सेंटिमीटरच्या आत, आणि १५ सेंटिमीटरचा पाइप घेतला तर तीच लांबी ९२ च्या पुढे. मोठा पोर्ट फुकट मिळत नाही. आणि पाइपची दोन्ही तोंडं गोलाकार केली तर तेवढ्याच एरियात फुसफुस बरीच उशिरा सुरू होते, राउटर असेल तर स्लॉटच्या कडाही गोल करा, हे काम अर्ध्या तासाचं आहे पण लोक का टाळतात कळत नाही.

लांबी मोजण्यातला घोळ

वळणाच्या पोर्टची लांबी मध्यरेषेवरून मोजायची. आतल्या कोपऱ्याने मोजली आणि बाहेरच्या कोपऱ्याने मोजली यात ५ सेंटिमीटर रुंदीच्या स्लॉटला एका वळणात १० सेंटिमीटरचा फरक पडतो, मध्यरेषा दोघांच्या मधे. पुढच्या बॅफलची जाडी लांबीत धरायची, कारण पोर्ट बाहेरच्या तोंडापासून सुरू होतो.

दुसरं, एंड करेक्शन. पोर्टच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवा पण पोर्टबरोबर हलते, म्हणून पोर्ट प्रत्यक्ष लांबीपेक्षा लांब असल्यासारखा वागतो. सॉफ्टवेअर हे गोल पाइप धरून वजा करतं. स्लॉट पोर्ट मात्र बॉक्सच्या भिंती वापरून बनतो, आतल्या तोंडापाशी दोनतीन बाजूंना भिंत पुढे चालूच असते, त्यामुळे करेक्शन जास्त होतं आणि ट्यूनिंग हिशोबापेक्षा थोडं खाली येतं. म्हणजे एक चूक वर ढकलते आणि दुसरी खाली, काही बॉक्स निव्वळ या दोघांच्या योगायोगाने बरोबर निघतात आणि मग बनवणारा तीच पद्धत पुढच्या बॉक्सला वापरतो आणि तिथे फसतो. म्हणून कितीही अनुभव असला तरी मोजाच.

व्हॉल्यूमबद्दलच शंका असेल, फायबरग्लासचा वेडावाकडा बॉक्स असेल जिथे लांबी-रुंदी-उंची लागूच होत नाही, तर थर्माकोलचे मणी लिटरच्या खुणा असलेल्या बादलीने मोजून आत ओता. पोर्ट आणि ब्रेसिंग बसवल्यावर ओतलं तर ते आपोआप वजा होतं, पोर्टचं तोंड आतून कागदाने बंद करा म्हणजे झालं, ड्रायव्हरचे तेवढे नंतर वजा करा.

ट्यूनिंग बरोबर आहे तरी बेस मेल्यासारखा

मग गळती बघा. इंपीडन्स मोजला असेल तर दरीची खोली इथे कामाला येते. दरीतला आकडा कॉइलच्या डीसी रेझिस्टन्सच्या थोडाच वर असायला हवा, बराच वर असेल आणि डोंगर बुटके असतील तर कुठून तरी हवा जातेय किंवा पोर्टच्या तोंडाशी फायबर कोंबलाय. ३० च्या आसपासचा टोन लावा, हाताची मागची बाजू ओली करा आणि सगळ्या जोडांवरून, टर्मिनल कपभोवती (वायर जोडायची वाटी), ड्रायव्हरच्या रिंगभोवती हळूहळू फिरवा. ओल्या हाताला झुळूक लगेच कळते. टर्मिनल कप हा नंबर एकचा गुन्हेगार, आतून बघितलं तर वायरच्या भोकातून उजेड दिसतो. सिलिकॉन लावलंत तर ड्रायव्हर बसवायच्या आधी एक दिवस पूर्ण वाळू द्या, आंबट वासाच्या सिलिकॉनची वाफ बंद बॉक्समध्ये सराउंड आणि ग्लूला चांगली नसते.

गळती नाही, ट्यूनिंग बरोबर, तरी एकच सूर घुमतोय, असं असेल तर आता मॉडेलमध्ये टाकलेल्या आकड्यांकडे या. थील आणि स्मॉल यांचे जे पॅरामीटर आपण टाकतो, थील यांचं काम १९६१ चं आणि स्मॉल यांचं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, ते छोट्या सिग्नलसाठी आहेत. फुल आवाजात कॉइल तापते, तांब्याचा रेझिस्टन्स १०० अंश वाढीला जवळपास ४० टक्के वाढतो, त्याबरोबर क्यूटीएस, म्हणजे ड्रायव्हरची आपल्या रेझोनन्सला घुमण्याची ओढ सांगणारा आकडा, वाढतो आणि ग्राफवर सपाट दिसणारी रेष प्रत्यक्षात कुबड काढते. त्यामुळे मुळातच क्यूटीएस ०.५ च्या वर असलेला ड्रायव्हर पोर्टेडमध्ये घातला असेल तर घुमणं त्याच्या स्वभावातच आहे. एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा रेझोनन्स) भागिले क्यूईएस (क्यूटीएसचा इलेक्ट्रिकल भाग) करून बघा, ५० च्या खाली आलं तर ड्रायव्हर सील्डचा, म्हणजे पोर्ट नसलेल्या बंद बॉक्सचा, १०० च्या जवळ आलं तर पोर्टेडचा, मधे असेल तर दोन्हीकडे चालतो.

आकडे आपसात जुळतात का तेही बघा. क्यूईएस ०.५५ आणि क्यूएमएस (मेकॅनिकल भाग) ६ असेल तर क्यूटीएस ०.५ च येणार, डेटाशीटवर ०.३८ लिहिलं असेल तर त्यातला एक आकडा खोटा आहे. व्हीएएस (ड्रायव्हरच्या लवचिकतेइतकी हवा) घनफुटात दिलाय आणि तुम्ही लिटर म्हणून टाकलाय, असंही होतं, एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एक्समॅक्स (कोन सुरक्षितपणे किती हलतो) एका बाजूचा टाकायचा, काही जण दोन्ही बाजूंचा मिळून छापतात, मग ग्राफवर कोन सुरक्षित दिसतो आणि गाडीत आपटतो. ड्युअल कॉइलच्या ड्रायव्हरला दोन्ही कॉइल जोडल्यात ना? सिरीज की पॅरलल याने क्यूटीएस बदलत नाही, पण एकच कॉइल जोडली आणि दुसरी तशीच मोकळी सोडली तर क्यूईएस दुप्पट होतो आणि ड्रायव्हर पूर्ण वेगळाच होऊन बसतो.

आणि मग गाडी स्वतः. मॉडेलमध्ये मोकळं मैदान असतं, गाडीत बंद केबिन. आतली लांबी २.७ मीटर धरली तर साधारण ६४ हर्ट्झच्या खाली केबिन बेस वाढवायला लागते, कागदावर १२ डीबी पर ऑक्टेव्ह, प्रत्यक्षात काच-दरवाजे-पॅनल हलतात आणि हवा निसटते म्हणून त्यापेक्षा कमी. सपाट ग्राफ बघून ठरवलेला पोर्टेड बॉक्स गाडीत ३५ ते ४५ मध्ये म्हणून फुगलेला वाटतो. त्यात बेस बूस्ट, जो बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये ४५ हर्ट्झलाच मध्य धरून असतो, म्हणजे जिथे आधीच फुगवटा आहे तिथेच अजून हवा भरली. ६ डीबी बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला चौपट पॉवर, १२ डीबी म्हणजे सोळापट. बूस्ट शून्यावर आणा आणि दोन दिवस तसंच ऐका, कानाला सवय मोडायला वेळ लागतो. नंतर इक्वलायझरने जिथे कुबड आहे तिथे ३-४ डीबी कापा, खाली वाढवण्यापेक्षा कुबड कापणं केव्हाही चांगलं, कोनवर ताण येत नाही आणि अ‍ॅम्पला श्वास मिळतो.

लो पास ८० च्या वर असेल तर खाली आणा. सबची पोलॅरिटी एकदा उलटी करून बघा, ड्रायव्हिंग सीटवर बसून, ज्यात ६० ते ८० चा भाग जास्त भरीव लागतो ती ठेवा. सेदान असेल आणि मागची सीट डिक्की पूर्ण बंद करत असेल तर बेस आत यायला वाटच कमी असते, तिथे आर्मरेस्टची खिडकी उघडून ऐका, फरक पडला तर प्रश्न बॉक्सचा नव्हताच.

सील्डवाल्यांसाठी थोडंसं

सील्डमध्ये ही डोकेदुखी कितीतरी कमी आहे. क्यूटीएस ०.५, व्हीएएस ५० लिटर, बॉक्स ३० लिटर धरला तर क्यूटीसी (बॉक्समध्ये बसवल्यावरचा क्यूटीएस) येतो ०.८२, आणि चुकून २४ लिटरच झाला तर ०.८८. फरक ऐकू यायला मुश्किल. सील्ड १२ डीबी पर ऑक्टेव्हने खाली उतरतो आणि केबिन वर उचलते, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून ग्राफवर ४५ ला मेलेला दिसणारा सील्ड बॉक्स गाडीत खूप खोल वाजतो. मोजायचं झालं तर इथे एकच डोंगर दिसतो, एफएस २८ असेल तर वरच्या उदाहरणात तो ४६ हर्ट्झच्या जवळ यायला हवा. ५० च्या बराच वर असेल तर हवा कमी आहे, आत पॉलिफिल (उशीत भरतात तो पॉलिएस्टर कापूस) भरा, बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो. ज्याला मोजामोजीत रस नाही आणि नुसतं नीट वाजायला हवंय त्याने सरळ सील्ड बनवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोर्टेडच हवा असेल तर मोजलेला आकडा बॉक्सच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, ट्यूनिंग, निव्वळ लिटर आणि सबसॉनिक कुठे लावलाय ते. पुढे ड्रायव्हर बदलला तरी ट्यूनिंग तेच राहतं, लिटर फक्त नव्या मॅग्नेटच्या आकाराप्रमाणे थोडे कमीजास्त होतील, आणि नव्या ड्रायव्हरचं मॉडेल करताना सरळ तेच दोन आकडे टाकता येतात. काही आठवड्यांनी एकदा टेपचा ठिपका लावून परत बघा, ट्यूनिंग आता वर सरकलेलं दिसलं तर आतलं पार्टिशन सुटलंय किंवा एखादा जोड उघडलाय, ओला हात घेऊन परत सगळ्या कडा फिरा.